गेणूचा एकटा बैल

गेणूला गाठी घालून द्यायची भारी हौस. इंदापूरच्या बैलबाजारात घेणारा आणि विकणारा यांना समोरासमोर आणायचं, भाव ठरवायला रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायला लावायची आणि सौदा जुळला की चहा पिऊन आपण बाजूला. "गुरुजी, बैल नीट चालला न्हाय तर शिव्या मला न्हाईत," असं मला सांगायचा. "मी फकस्त माणसाला माणूस दावतो."

तो आणि सावळाराम माझ्या शाळेत एकाच वर्गात होते. १९५३ साली विहिरीच्या पाण्यावरून सावळारामचं त्याच्या चुलतभावाशी, कुंडलिकशी, हाडवैर झालं. कुंडलिकला पैसे घेऊन खून करणारा माणूस हवा होता. गेणूनं सोलापूरकडच्या एका पैलवानाशी त्याची गाठ घालून दिली. कशासाठी, ते त्याला ठाऊक होतं. तरी नेहमीसारखा चहा पिऊन तो घरी आला. पुढं सावळाराम पाटाच्या कडेला मेलेला सापडला.

पुण्याच्या सेशन कोर्टात गेणू माफीचा साक्षीदार झाला. सगळं खरं सांगितलं तर सुटका, अशी अट होती. त्यानं खरं सांगितलं. निकालाला मी गेलो होतो. जज्जसाहेब म्हणाले, मारणाऱ्याचं मयताशी भांडणसुद्धा नव्हतं आणि मारवणाऱ्याचा हात लागला नाही, एवढ्यानं कुणाचाच गुन्हा हलका होत नाही. दोघांना फाशी. पुढं हायकोर्टानंही तीच कायम केली.

गेणू भाद्रपदात घरी आला. तो कोठडीत असताना बायकोनं, रंगूबाईनं, जोडीतला एक बैल विकून घर चालवलं होतं. ज्वारीची पेरणी तोंडावर आली. पेरणीची पाभर एका बैलाला ओढवत नाही. कुणीतरी आपला बैल सावडीला, म्हणजे जोडी करून आळीपाळीनं दोघांची रानं पेरायला, द्यायला हवा. गेणू दारोदार फिरला.

"दुसऱ्या बैलाची गाठ तूच घाल की कुनाशी!" पारावरून कुणीतरी ओरडलं. "मारणारा लटकणार, मारवणारा लटकणार, आन् तू हितं तंबाखू मळ!"

"गुरुजी, तुमी शबूद टाका," तो माझ्याकडं येऊन म्हणाला. रानातला वाफसा, पेरणीजोगी ओल, उडत चालला होता. पेरणी हुकली की वर्षभर घरात भाकरी नाही. मी दोघातिघांना विचारलं. ते माझ्याशी अदबीनं बोलले आणि नाही म्हणाले.

ते सांगायला मी त्याच्या दारात बसलो होतो, तेवढ्यात प्रयागबाई आली. सावळारामची बायको. रंगूबाई उठून आत गेली. गेणू पाया पडायला वाकला, तशी प्रयागबाई मागं सरली.

"बैल मोकळा हाय न्हवं?"

"व्हय वैनी."

"माजा बी एकलाच उरलाय. माजा भाऊ पाभर धरंल. आदी माजं रान, मग तुजं."

"वैनी, मी येतो की संगं..."

"तू न्हाय. बैल पाठीव. त्यानं कुनाची गाठ घातली न्हाय." जाता जाता ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, ल्येकरं खायाला मागत्यात. काय करू?"



प्रयागबाईचा भाऊ, संभाजी, यानं दोन्ही रानं पेरली. स्वतःच्या रानाची पेरणीसुद्धा गेणूनं बांधाबाहेर बाभळीखाली बसून पाहिली. पुढं कितीतरी वर्षं असंच चाललं. बाजाराला तो पुन्हा गेला नाही. पेरणीच्या दिवसांत दिवस मावळला की संभाजी बांधावर बैल सोडून द्यायचा. बैल आपली वाट ओळखून घराकडं निघायचा आणि गेणू त्याच्या मागून, अंतर राखून.