पालखीच्या गर्दीतल्या तीन हाका

निलंग्याच्या त्या शाळेत उज्वला मॅडमचा इंग्रजीचा तास सुरू झाला की पोरं आपोआप ताठ बसायची. मॅडमचं एकच तुणतुणं, कान द्या! "भाषा आधी कानातून आत जाते, मग तोंडातून बाहेर येते," हे त्या नोकरी लागल्यापासून सांगत आल्या होत्या. उत्तर द्यायला उठलेलं पोर हळू बोललं की मॅडमचा पारा चढलाच म्हणून समजा. "तोंडात गुळणी धरलीय का? पुढं ये. माझ्याकडं बघून बोल!"

अलीकडं तर हे फारच वाढलं होतं. आजकालची पोरंच पुटपुटी, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. घरी त्यांचे मालक वैजनाथराव टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि मॅडम परत वाढवायच्या. "सगळ्या गल्लीला बातम्या ऐकवायचं कंत्राट घेतलंय काय?" म्हणून ते चिडवायचे. त्यावर मॅडमचं उत्तर तयार, हल्ली बातम्या देणारेसुद्धा पुटपुटतात. म्हणजे बघा, सगळं जग पुटपुटत होतं आणि मॅडम तेवढ्या ठणठणीत होत्या.

त्या दिवशी आठवीला 'रस्त्यावरचे उत्सव' हा ऐकण्याचा पाठ होता. पुस्तकाबरोबर आलेला आवाज कुठल्या परदेशातल्या गावचा. तिथं लोक मुखवटे घालून रस्त्यात नाचतात म्हणे. दर वर्षी तो लावला की पोरं तोंडाकडं बघत बसायची. म्हणून या वर्षी मॅडमनी शक्कल लढवली होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावातून महादेवाची पालखी निघते, तिच्याबरोबर मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करून, तो तोंडाजवळ धरून त्या चालल्या होत्या आणि दिसेल ते इंग्रजीतून सांगत गेल्या होत्या. मागं खरीखुरी हलगी, खरी झांज, खरी गर्दी. लातूरच्या प्रशिक्षणात साहेबांनी ही कल्पना ऐकून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

पण खरं सांगायचं तर तो आवाज लावायला मॅडमचा हात धजत नव्हता. त्या पालखीनं त्यांची सख्खी बहीण तोडली होती.

मॅडमची थोरली बहीण सिंधुअक्का निलंग्यातच गिरणी गल्लीत राहते. आई लवकर गेली तेव्हा अक्कानं सातवीतून शाळा सोडली, चूल हातात घेतली आणि धाकटीला शिकवलं. लातूरच्या कॉलेजात धाकटीला डबा जायचा तो अक्काच्या हातचा. आता गिरणी गल्लीत एक रीत आहे. पालखी गल्लीत टेकली की दारातल्या बाईनं पालखीबरोबर आलेल्या आपल्या बहिणीला, लेकीला नाव घेऊन तीन हाका मारायच्या. तिनं पायरीवर यायचं, ओटी भरून घ्यायची, नारळ घेऊन पुन्हा पालखीत जायचं. तीन हाकांना जी आली नाही, तिनं ते घर टाकलं, असा सरळ अर्थ. चौथी हाक मारायची नाही. तो नारळ दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, फोडायचा नाही, भिंतीतल्या देवळीत ठेवून द्यायचा.

या वर्षी मॅडमना हाकच आली नाही. एकही नाही. त्यांना वाटलं, लेकीच्या सोयरिकीच्या गडबडीत अक्का विसरली असेल, आणि मनातून थोडं लागलंही. दुसऱ्या दिवशी त्या अक्काकडं गेल्या, तर अक्काचं तोंड फुगलेलं. तिच्या लेकीचे, तनुजाचे, होणारे सासू-सासरे घरात बसलेले. त्यांच्यासमोरच अक्का म्हणाली, "तीन हाका मारल्या. मागं वळून सुदिक बघितलं न्हाईस. मोबाईलात इंग्रजी फाडत गेलीस तशीच पुढं. मोठी मास्तरीण झालीस, आता आमची पायरी चढाय लाज वाटून राहिली का?"

मॅडम भडकल्या. "तू हाक मारलीच नाहीस, अक्का. चार लोकांत उगं खोटं बोलू नकोस. माझे कान काय कुठं गेले होते?"

झालं! नव्या सोयऱ्यांसमोर अक्का खोटी पडली. तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. दिवाळीत मॅडमनी पाठवलेला फराळाचा डबा जसाच्या तसा परत आला. आता तनुजाचं लग्न तोंडावर आलं होतं. जिला मॅडमनी हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलं, तिच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या निलंग्यात फिरली आणि मॅडमच्या दारावरून पुढं गेली. मॅडम रात्री रडायच्या आणि सकाळी म्हणायच्या, मी का म्हणून जाऊ? खोटं ती बोलली.

तर असो. पाठ आला होता, तो शिकवणं भाग होतं. मॅडमनी स्पीकर टेबलावर ठेवला, मोबाईल जोडला. "ऐका आणि कोणकोणते आवाज येतात ते सांगा." पोरांनी आपली पालखी ओळखली आणि एकदम खूश! सत्यमनं हलगी सांगितली, कुणी फुगेवाल्याची पिपाणी सांगितली, कुणी घंटा सांगितली. मग बांगडीवाल्या नासिरभाईंची अलीझा उठली. ही तिसऱ्या बाकावरची, मॅडमच्या लेखी वर्गातली सगळ्यात पुटपुटी पोर.

"पुढं ये. नीट बोल."

अलीझा पुढं आली. "मॅडम, एक बाई कुणाला तरी हाका मारून राहिली."

"कोण बाई? तिथं कुणी बाई नाही. अंदाजे काहीही ठोकून द्यायचं नाही."

"हाय मॅडम, हाय!" सगळा वर्ग ओरडला.

मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. पोरांनी संगनमत करून आपली थट्टा चालवली, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. "असं काय? मग डोळे मिटा सगळ्यांनी. कुणी कुणाकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. त्या बाईचा आवाज आला की हात वर करायचा. बघतेच मी तुमची बाई!"

त्यांनी आवाज पुन्हा सुरू केला. पोरांचे डोळे घट्ट मिटलेले. स्पीकरमधून मॅडमचाच आवाज येत होता, आता पालखी थांबली आहे, लोक फुलं उधळत आहेत, असं ठणठणीत इंग्रजी चाललं होतं. मागं हलगी. बाकी काही नाही. आणि एकदम सगळे हात वर गेले.

सगळे! पहिल्या बाकापासून भिंतीपाशी बसणाऱ्या टवाळ पोरांपर्यंत. डोळे मिटलेले आणि हात वर. मग ते खाली आले. मॅडम स्पीकरवर वाकल्या, कान त्याला चिकटवला. हलगी. स्वतःचा आवाज. डोकं वर करून बघतात तर पुन्हा सगळे हात वर. हात खाली आले, आणि थोड्या वेळानं तिसऱ्यांदा वर गेले.

मॅडमनी आवाज बंद केला.

"अलीझा, काय म्हणतीय गं ती बाई?"

"'उजे, ये की गं' म्हणतीय. शेवटच्या टायमाला तर रडल्यासारखी म्हणतीय." अलीझानं विचारलं, "उजी कोण हाय, मॅडम?"

अरे देवा! शाळेत ते नाव कुणाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. वैजनाथरावसुद्धा ते नाव घेत नसत. उज्वलाची उजी केलेली एकाच माणसानं, अक्कानं. तीन हाका होत्या. सगळ्या वर्गानं ऐकल्या. शिट्टीसारखा आवाज करणाऱ्या त्या फुटक्या स्पीकरमधूनही ऐकल्या. फक्त जिच्यासाठी मारल्या होत्या तिला तेव्हाही आल्या नाहीत आणि आत्ता कान चिकटवूनही आल्या नाहीत.

मॅडमनी अलीझाला आणखी जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "बाई गं, तू एवढं हळू का बोलतेस?"

पोर गोंधळली. वर्गाकडं बघितलं, मग खाली मान घालून म्हणाली, "मी जोरातच बोलते, मॅडम. रोजच जोरात बोलते."

तोंडी परीक्षेत या पोरीचे गुण पुटपुटते म्हणून दोनदा कापले होते त्यांनी. ऐकू न आलेल्या कुकरच्या शिट्ट्या, दारावरची कडी, फोनची रिंग, सगळं एकामागून एक डोक्यात यायला लागलं. डावा कान तर कधीपासून बधिरच वाटत होता, त्याला त्या सर्दी म्हणत आल्या होत्या. जग पुटपुटत नव्हतं. आणि अक्का खोटं बोलत नव्हती. तिला आपण सोयऱ्यांसमोर खोटारडी ठरवलं.

शाळा सुटल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत, तडक गिरणी गल्लीत गेल्या. अक्काच्या शेजारी पिठाची गिरणी, ती घरघरत होती. अक्का दारात बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती. मॅडमना बघून तिनं मान सुपात घातली. काहीतरी बोलली असावी, पण तोंड दिसत नव्हतं, त्यामुळं मॅडमना काहीच कळलं नाही. असं कळत नाही हेसुद्धा त्यांना आजच कळत होतं.

"अक्का, वर बघून बोल."

"कशाला आलीस, म्हणलं."

वाटेत मॅडमनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "मी रस्त्यात जाऊन पाठमोरी उभी राहते. तू मला हाक मार."

"चौथी हाक न्हाई मारत म्या."

"चौथी नको. त्याच तीन मार. अक्का, पाया पडते, एवढं ऐक."

मॅडम रस्त्याच्या मध्यभागी गेल्या, त्या दिवशी पालखीबरोबर जिथं थांबल्या होत्या तिथंच, आणि अक्काकडं पाठ करून उभ्या राहिल्या. समोरून एक मोटारसायकल गेली. गिरणी चाललीच होती. मॅडमनी जीव कानात आणला. काही नाही. हाक काही येईना. अजून थांबल्या. मग त्यांना रागच आला. एवढं काय अडलंय हिचं? एवढी पाया पडले, तरी मारत नाही म्हणजे काय? तणतणत त्या मागं वळल्या.

अक्का अगदी पाठीशी उभी होती. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. तोंडाला पदर लावलेला, डोळे वाहत होते. गिरणीवाला ईश्वरप्पा पिठानं माखलेला दारात येऊन उभा होता, एवढं कोण ओरडतंय बघायला.

"अक्का, मारल्यास?"

अक्कानं पदर काढला. "मारल्या की गं. पहिली दारातून. दुसरी पायरीवरून. तिसरी हितं, तुझ्या पाठीला लागून, बोंबलून मारली." तिचा ऊर धपापत होता. "कधीपासनं गं असं? मला का न्हाई सांगितलंस?"

"मलाच ठाऊक नव्हतं. आणि मी तुला सोयऱ्यांसमोर खोटं पाडलं."

अक्कानं मॅडमची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि एक एक शब्द सुटा करून विचारलं, "कंच्या कानानं येतंय थोडंफार?"

मॅडमनी उजव्या कानाला हात लावला. "अगं, त्यात तरी किती येतंय कुणास ठाऊक."

अक्का वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आली. तिनं त्यांचा दंड घट्ट धरला. देवळीतला नारळ तसाच आहे, असं काहीतरी ती पुटपुटली, ते मॅडमपर्यंत पोचलं नाही. मग ईश्वरप्पाकडं बघून तिनं हात केला, तशी त्यानं आत जाऊन गिरणी बंद केली. गल्ली एकदम शांत झाली. रीत काय सांगते ते अक्काला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं मॅडमच्या कानाला तोंड लावलं आणि चौथी हाक मारली.

"उजे, ये की गं."

ही मात्र ऐकू आली.