फळीखाली काय होतं

१९५५, पौष, बाजाराचा आदला दिवस. चामोर्शीजवळचं आमचं गाव, तलावाची पाळ. हजर: पाटील, गुरुजी, ढिवरांची काशीबाई, चांद्याहून आलेला पेटीवाला, आणि मी — तलावाच्या याद्या ठेवणारा.

एवढं वहीत आहे, आणि खाली माझा एका ओळीचा शेरा. बाकीचं आजवर कुठेच लिहिलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.

पेटीवाला म्हणे, तेल नको, कोळसा नको, बैल नको — पेटी आपल्याच जोरावर दिवा जाळते. मोठी पेटी तलावाचं पाणी उंचावरच्या धानाच्या बांध्यांत चढवेल. त्याला गावात आणलं मीच. चांद्यातच त्याला पारखून घेतलाय, असं सांगून. काय पारखलं होतं मी? त्याच्या कागदांवर सुबक अनुक्रमांक होते — बस, एवढंच!

दिवा पेटला. लोक वाहवा करू लागले. काशीबाई तेवढी पुढे झाली.

"पेटीची फळी उचलून दाखवा ना, भाऊ. काऊन भेऊन राह्यले?"

"मासे विकणारीले यंतर समजते का वं?" पाटील म्हणाले. सगळे हसले. मीही.

तपासायला मला पुढे केलं. मी वाकलो, फळी वर केली — मलाच दिसेल एवढी. वहीत लिहिलं: तपासले, ठीक.

दुसऱ्या दिवशी किमतीपोटी घरोघरचं जमवलेलं धान गाडीत घालून तो मोठी पेटी आणायला गेला. आलाच नाही. आणि गावानं काय ठरवलं? तो लबाड होता, असं? छे! काशीबाईनं पाणउतारा केला म्हणून रुसून गेला! तलावात जाळं टाकणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढा! यादी माझी. पट्टी धरून मी रेघ ओढली — सरळ.

"भाऊ, तुमी त फळीखाली पाह्यलं होतं ना? काय होतं?" काशीबाईनं मला विचारलं.

"काही नव्हतं," मी म्हणालो.

टॉर्चचे सेल होते. ओळीनं मांडलेले, आठ. मी मोजले होते.

पेटीवाल्याचा संताप येतो, पाटलांचा येतो, हसणाऱ्यांचा येतो — मग? रेघ कोणी ओढली? तो खोटं बोलून निघून गेला. मी खोटं बोलून इथेच राहिलो, तीन वर्षं, रोज त्याच पाळीवरून ये-जा करत. तलाव काशीबाईच्या दारासमोर आहे. ती जाळं खांद्यावर टाकून वैनगंगेपर्यंत चालत जाते.

वही उघडी आहे. पाळीची डागडुजी — झाली. जाळ्यांची नवी यादी — झाली. आज लिहिलेलं हे पान सभेत वाचून काशीबाईचं नाव परत लिहिणं — बाकी.