शिकागोहून आलेली दाद

हैदराबादेत काचीगुड्याच्या चौकात हिम्मतराव पुन्हा थांबले. रुमालानं कपाळ पुसलं आणि आल्या रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "उषाताई, मी जातो परत. तुम्ही ऐका आणि मला सांगा काय झालं ते."

"मी काय सांगणार, कपाळ?" उषाताई म्हणाल्या. "तुमच्या त्या जॅझमध्ये भांडण कुठं संपतं आणि गाणं कुठं सुरू होतं, ते मला अजून कळलेलं नाही. आणि भाऊजी, आता नल्लकुंट्याला परत जायचं तरी चालतच जायचंय. पुढं आलात तर निदान पंख्याखाली बसायला मिळेल."

ऑटोवाल्यांचा बंद होता त्या दिवशी. एक जण आपल्याच ऑटोत पाय बाहेर काढून झोपला होता. उषाताईंनी त्याला नामपल्लीला येतोस का म्हणून विचारून पाहिलं. त्यानं डोळेही उघडले नाहीत. "आज नक्को अम्मा, बंद है. हल्लू हल्लू पैदल निकल जाव."

तसे ते दोघं हल्लू हल्लू निघाले होते. एप्रिलचा महिना, रविवारची पहाट. फुलवाल्या पोती सोडून मोगरा मोकळा करत होत्या. उषाताईंचं लक्ष मधूनमधून हिम्मतरावांच्या शर्टाकडे जात होतं. माणूस आठवडाभर आढेवेढे घेत होता, आणि आज दाढी करून, लग्नाकार्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून पाच वाजता जिन्याखाली उभा. सुशीला असती तर त्यावरून चिडवलं असतं तिनं.

सुशीलाबाई म्हणजे हिम्मतरावांची बायको आणि उषाताईंची जिवाभावाची मैत्रीण. एकाच इमारतीत वर-खाली बिऱ्हाडं, गुरुवारच्या भजनात शेजारी-शेजारी बसायचं, कैरीचं लोणचं एकत्र घालायचं. मागच्या जूनमध्ये चार दिवसांच्या तापानं ती गेली. मुलगा कुलदीप अमेरिकेत होता. त्याचे व्हिसाचे कागद कुठल्याशा कचेरीत अडकले होते, देश सोडला तर परत घेणार नाहीत असं त्याला सांगितलं होतं. तो आला नाही. अग्नी दिला पुतण्यानं, युवराजनं. त्या दिवसापासून हिम्मतराव मुलाशी बोलले नव्हते. रविवारी फोन वाजला की ते चपला घालून बाहेर पडत, आणि वाजून वाजून फोन गप्प झाला की दूध घेऊन परत येत.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. कुलदीपचे कागद झाले होते. पण त्यानं उषाताईंना स्पष्टच सांगितलं, "काकू, बाबा ये म्हणाले तर येतो. नुसतं येऊन दारात उभं राहायची माझी हिंमत नाही." आणि इकडे हिम्मतरावांनी गुरुजींना सांगून टाकलं होतं की युवराजच बसेल.

उषाताईंनी हात जोडून देवाला सगळं सांगून पाहिलं होतं, हिम्मतरावांनाही सांगून पाहिलं होतं. देव निदान ऐकून तरी घेत होता.

हिम्मतरावांचं हे जॅझचं वेड कुठून आलं, हे नल्लकुंट्यात नव्या माणसाला खरं वाटत नसे. उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस. वडील गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. हा शहरात आला आणि सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटला. तिथं एक अँग्लो-इंडियन गार्ड होता. दिवसा हिरवी झेंडी हलवायचा आणि शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात सॅक्सोफोन वाजवायचा. एकदा त्यांच्या बँडचा तो माणसाएवढा उंच तंबोऱ्यासारखा बास पार्सलानं आला, तो पोचवायला हिम्मतराव क्लबात गेले आणि तिथंच खांबाला टेकून उभे राहिले. मग दर शनिवारी. पुढं पुढं तर गार्डसाहेब त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला लागला.

"तुम्हाला कळायचं काय हो त्यातलं?" उषाताईंनी एकदा विचारलं होतं.

"अहो, भजनच की. सगळे मिळून एक चाल धरतात. मग एकेक जण पुढं होतो, आपल्या मनाचं म्हणतो, बाकीचे ताल सांभाळतात. मन भरलं की पुन्हा सगळे मूळ चालीवर. आमच्या वडिलांच्या भजनात दुसरं काय होतं?"

आणि म्हणूनच असेल, हिम्मतराव जॅझ ऐकायचे ते भजनाला किंवा कव्वालीला बसल्यासारखे. कुणी चांगली जागा घेतली की मांडीवर थाप मारून, "वाह! क्या बात है!" क्लबातली साहेबमंडळी आधी दचकायची, मग हसायची, मग वाट बघायला लागली. गार्डसाहेब तर वाजवता वाजवता भुवई वर करून विचारायचा, काय, आज दाद नाही?

पुढं ती अँग्लो-इंडियन घरं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली. क्लबात लग्नं लागायला लागली. हिम्मतरावांनी शॉर्टवेव्हचा रेडिओ घेतला. अमेरिकेतली संध्याकाळ ती आपली सकाळ, त्यामुळे सुशीलाबाईंची पूजा आणि यांची मैफल एकाच वेळी. देव्हारा आणि रेडिओ एकाच भिंतीला. इकडे घंटा, तिकडे तुतारीसारखं काहीतरी. उषाताई फुलं द्यायला जायच्या तर सुशीलाबाई गंध उगाळत म्हणायच्या, "आधी मला लाज वाटायची गं. आता देवालाच सवय झालीय. एखाद्या दिवशी रेडिओ बंद असला तर बाळकृष्ण तोंड पाडून बसतो."

कॅसेट मात्र हिम्मतरावांना चालायची नाही. त्यांना चालू मैफलच हवी. "कॅसेट म्हणजे कालची आरती," ते म्हणायचे. "आत्ता तिथं माणसं बसलीत, आत्ता तो फुंकतोय, पुढं काय करणार ते त्यालाही माहीत नाही. त्यात मजा आहे." कुलदीप लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचा. बापाची थाप मांडीवर पडायची ती अर्धी त्याच्याच पायावर. मग तोही आपल्या बोबड्या आवाजात दाद द्यायला शिकला. जॅझ असंच ऐकायचं असतं, अशी त्या पोराची समजूत झाली.

मग दिवस भराभर बदलले. गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ आले, अमीरपेटला संगणकाच्या क्लासांच्या पाट्या एकावर एक चढल्या. कुलदीप तिथं शिकला आणि शिकागोला गेला. शॉर्टवेव्हवर आता नुसती खरखर. सुशीलाबाई गेल्यावर तर हिम्मतरावांनी रेडिओ कपाटावर चढवून त्यावर कापडच टाकलं.

आणि मागच्या रविवारी कुलदीपचा फोन उषाताईंकडे आला.

"काकू, इथं एक रेडिओ केंद्र आहे. लोकांच्या वर्गणीवर चालतं."

"म्हणजे आपल्या गणपतीसारखं?"

"हौ, तसंच समजा. ते शनिवारी एक जॅझची मैफल थेट लावणार आहेत. रेडिओवर आणि इंटरनेटवरही. तुमच्याकडे रविवारी सकाळी साडेसहा. मी हॉलमध्ये असणार. पुढच्या रांगेचं तिकीट काढलंय. बाबा फोनवर येत नाहीत, पण गाणं तर ऐकतील ना? मी तिथून दाद देईन. त्यांच्यासारखी."

"तिकडे लोक देतात का रे अशी मध्येच?"

"हळू गाणं असलं की सगळे देवळात बसल्यासारखे गप्प असतात. मोठ्यानं ओरडणारा मी एकटाच असेन."

"हाकलून देतील की तुला!"

"देऊ द्या. तोवर बाबांना ऐकू गेलेलं असेल."

उषाताईंनी हे सगळं जसंच्या तसं हिम्मतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय करायचंय?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कोण वाजवणार आहे म्हणाला?" आणि परवा म्हणाले, "मी गाण्यासाठी येतोय. त्याच्यासाठी नाही, सांगून ठेवतो."

सुलतान बाजारात मारुतीच्या देवळाचं दार नुकतंच उघडलं होतं. उषाताईंनी रस्त्यावरूनच हात जोडले. आज घरी नुसता दिवा लावून त्या निघाल्या होत्या. आल्यावर सगळं यथासांग करीन, असं देवाला सांगून. हिम्मतरावही थांबले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण चपला काढल्या.

"नाहीच ऐकू आलं तर?" ते एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"एवढ्या लांबून. एवढ्या माणसांत. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही तर?"

उषाताईंनी त्यांच्या चपलांकडे बोट दाखवलं. "चला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि यावेळी परत जायचं नाव कुणी काढलं नाही.

नामपल्ली स्टेशनजवळ उषाताईंचा भाचा अविनाश याचं दुकान होतं. आधी तिथं टायपिंग शिकवायचे. आता टाइपरायटर माळ्यावर गेले होते आणि खाली चार संगणक, पाटी ‘इंटरनेट’. मावशीसाठी त्यानं शटर लवकर उघडलं होतं. मोडेमनं बराच वेळ किंचाळून घेतलं.

"बसा काका. आवाज मध्येमध्ये तुटणार बरं का. लाइन अशीच आहे."

"तुटतो म्हणजे? तेवढं परत ऐकू येत नाही?"

"नाही काका. थेट आहे ना. गेलं ते गेलं."

हिम्मतरावांनी उषाताईंकडे पाहिलं.

आधी एक बाई इंग्रजीतून काही बोलली. मग टाळ्या, आणि मग वाजायला लागलं. उषाताईंना ते नेहमीसारखंच वाटलं, सगळे जण एकदम घरातून बाहेर पडून धावत सुटल्यासारखं. हिम्मतरावांनी डोळे मिटले. पहिलं गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, पण ओळखीचं काही नाही. दुसरं सुरू झालं आणि मध्येच तुटलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत राहिली. परत सुरू झालं तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"गेलं," हिम्मतराव म्हणाले. "त्यातच असणार. माझं नशीबच तसलं."

"बसा हो भाऊजी. हळू गाण्यात म्हणाला होता तो. हे कुठं हळू होतं? ही तर झटापट होती."

उषाताई मनातल्या मनात नाम घेत होत्या. देवाला त्यांनी आजवर पाऊस मागितला होता, भावाची नोकरी मागितली होती. टेलिफोनची तार पहिल्यांदाच मागत होत्या.

तिसरं गाणं संथ होतं. बाकीचे एकेक करून थांबले आणि तो उंच बास तेवढा उरला. एकच माणूस, जाड तारा, आणि सगळा हॉल इतका गप्प की त्याची बोटं तारेवर घासलेली ऐकू येत होती. उषाताईंनाही पहिल्यांदा काहीतरी समजल्यासारखं झालं. एकट्यानं घरात वावरणाऱ्या माणसाची पावलं असावीत, तसं ते होतं. हिम्मतरावांचा हात मांडीवरून वर उचलला गेला. तो सूर आता जागेवर येणार होता. हात हवेतच होता.

"वाह! क्या बात है!"

तिकडून आला आवाज. थोडा चिरकलेला, घाबरलेला, पण अस्सल हैदराबादी. हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी श्शऽ म्हणालं. आणि बासवाला, त्याला काय वाटलं देव जाणे, तीच जागा त्यानं पुन्हा एकदा घेऊन दाखवली.

उषाताईंच्या डोळ्यांना धार लागली. अविनाश म्हणाला, "अरे बाप रे, आपला कुलदीप!"

हिम्मतरावांचा हात सावकाश खाली आला. "घाई केली," ते म्हणाले.

"काय?"

"घाई केली गाढवानं. अजून जरा थांबायचं होतं. जागेवर आला नव्हता तो. मी किती वेळा सांगितलं त्याला, आधी येऊ दे, मग बोल. लहानपणापासून हीच खोड." त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. "आणि तो बासवाला भला माणूस म्हणून, नाहीतर त्याचा सूर गेला असता. काय म्हणाले असतील लोक!"

सबंध वर्षात मुलाबद्दल ते एवढं कधी बोलले नव्हते. मैफल पुढं चालू होती, मधूनमधून तुटत होती, आणि हिम्मतराव प्रत्येक वेळी पट्टी भरेपर्यंत मुलाच्या आणखी चुका काढत होते.

दुकानातून निघाल्यावर दोघं समोरच्या इराण्याच्या हॉटेलात शिरले. हिम्मतराव उस्मानिया बिस्किट चहात बुडवून तसंच धरून बसले, ते मऊ होऊन कपात पडलं तरी त्यांना कळलं नाही. हॉटेलच्या दाराशीच फोनबूथची पिवळी पाटी होती, परदेशी फोनचीही.

"घरी पोचला असेल का आता?" त्यांनी विचारलं.

"पोचला असेल. हाकललं नसेल तर अजून तिथंच असेल, आणि हाकललं असेल तर केव्हाच घरी."

हिम्मतराव हसले. मग कप बाजूला सारून त्यांनी टेबलावरचं पाणी बोटानं पुसलं.

"उषाताई, माझं एक काम कराल? नंबर तुम्ही लावा. त्यानं उचलला तरी फोन लगेच माझ्या हातात देऊ नका. आधी इकडचं तिकडचं बोला. ऊन काय म्हणतंय, आंबे आले का, काहीही. फोन जरा कानापासून लांब धरा, म्हणजे मला बाजूला उभं राहून त्याचा आवाज ऐकता येईल. मग मी घेतो. आणि घेतल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर परत तुम्ही घ्या आणि त्याला सांगा, तुझ्या आईच्या श्राद्धाला तूच बसायचंस, ये."