मराठीत बोललं की कुणाला कळत नाही

चहा ओतताय ना? ओता, पण कप खाली ठेवूनच ऐका. कारण हा गाढवपणा मी एकांतात केलेला नाही. चारशे माणसांसमोर केलाय, आणि तोही अंपायरच्या साक्षीने!

मी टेनिस खेळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. डबल्स. हो हो, फक्त डबल्स. "मग मिलिंद, सिंगल्स कधी?" असं आमच्या कॉलनीत अजून विचारतात, जणू मी नापास होऊन त्याच वर्गात बसलोय. अकरा वर्षं मी आणि माझा जोडीदार भूषण याच्यावरच पोट भरतोय. भूषण नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा. हाताने डावखुरा, तोंडाने सुसाट.

आम्ही काही टीव्हीवर झळकणारे नाही बरं का. ताश्कंद, ट्युनिस, पोर्तुगालमधलं कुठलंतरी गाव, अशा छोट्या स्पर्धा. हॉटेलात एक खोली, दोन पलंग आणि बॅगेत माझ्या बायकोने, सुजाताने, कोंबलेली शेंगदाण्याची चटणी.

आता डबल्समध्ये काय असतं, सर्व्हिसच्या आधी जोडीदाराला बेत सांगावा लागतो. मी नेटवर मध्ये घुसतो, तू मागची बाजू सांभाळ, वगैरे. जगातले बाकीचे खेळाडू चेंडूने तोंड झाकून कुजबुजतात. आम्ही? आम्ही या टोकावरून त्या टोकाला खुशाल बोंबलतो. मराठीत! समोरच्या स्वीडिश माणसाला काय डोंबल कळणार?

याची इतकी सवय झाली की कोर्ट हीच आमची खासगी बोलायची जागा झाली. खोलीत आम्ही दोघंही मोबाईलमध्ये डोकं घालून बसणार, आणि सर्व्हिसच्या आधी मात्र मनातलं सगळं बाहेर! अंपायरचं नाक, कालचं बेचव जेवण, घरच्या कुरबुरी, सासरची माणसं. काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचो नाही.

आणि मग एक स्पर्धा भरली नाशिकला. आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर!

त्याआधी एक भानगड सांगतो. मी सुजाताला शब्द दिला होता की हे शेवटचं वर्ष. चौतिशी आली, गुडघा कुरकुरतोय, आणि तिच्या ओळखीच्या एका शाळेने क्रीडाशिक्षकाची जागा माझ्यासाठी अडवून ठेवली होती. अकरा वर्षं घर तिने एकटीने ओढलं, तेव्हा तिचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. पण भूषण म्हणाला, "अजून एकच वर्ष रे!" आणि मी हो म्हणून बसलो. बायकोला न विचारता! खरं सांगू? मला खेळ सोडवतच नव्हता. म्हटलं, नाशिकची स्पर्धा होऊ दे, मग गोडीगुलाबीने सांगू.

मॅच सकाळी दहाची. पुढच्या रांगेत सुजाता, तिच्या शेजारी इगतपुरीहून आलेले सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मागे आमची सगळी कॉलनी. पलीकडे नामपूरहून दोन टेम्पो भरून आलेली भूषणची मंडळी.

आणि नेटच्या पलीकडे एक ताडमाड क्रोएशियन आणि एक बेल्जियन. परदेशी चेहरे दिसले, की आमची मराठी आपोआप चालू!

"भूषण्या, लॉब टाक, डोक्यावरून!" मी ओरडलो. आणि चेंडूच्या आधी चारशे माना वर! तो क्रोएशियन तेवढ्यात मागे पळून स्मॅश मारायला तयार. "मी मध्ये घुसतो" म्हणालो, की कॉलनीतल्या सगळ्या बायका श्वास रोखून मधोमध बघणार, आणि तो बेल्जियन शांतपणे कडेने चेंडू काढणार. अहो, आम्ही मराठीत बोलत होतो आणि अख्खं नाशिक मानेने भाषांतर करत होतं!

पण हे आमच्या डोक्यात येईल तर शपथ. पहिला सेट सहा-दोनने गेला. आम्ही आपले एकमेकांच्या रॅकेटच्या तारा तपासतोय!

दुसरा सेट दोन-दोन. सर्व्हिस माझी. नेटजवळ उभा असलेला भूषण वळला आणि म्हणाला, "काय रे, वहिनीला सांगितलं का पुढच्या वर्षाचं?"

मी बेसलाइनवरून, चांगला खणखणीत आवाज काढून, "छे! सांगितलं तर कच्चा खाईल ती मला. मॅच जिंकू दे, मूड बघून सांगतो. तोवर बसू दे शाळेची स्वप्नं बघत!"

अंपायरची खुर्ची करकरली, तीसुद्धा ऐकू आली.

मग वरून कुणीतरी म्हणालं, "आता सांगितलंच की वो भाऊ!"

जो काय हशा उसळला म्हणता! "क्वाएट प्लीज!" अंपायर ओरडला. मी हळूच सुजाताकडे बघितलं. चेहरा कोरा. सासरे मन लावून चष्मा पुसतायत. मी सर्व्हिस केली, डबल फॉल्ट. परत केली, परत डबल फॉल्ट!

"सुजाता, आज घरात घेऊ नको याला!" आमच्या शेजारच्या गायकवाड काकू.

"खेळू द्या ना वहिनी, एकच वरीस हाय!" नामपूरचा टेम्पो.

क्रोएशियनने अंपायरला विचारलं, काय चाललंय? अंपायर ओठ दाबून म्हणाला, "डोमेस्टिक मॅटर."

भूषणला वाटलं, आता आपण शक्कल लढवावी. तो त्यांच्या नामपूरकडच्या अहिराणीत सुरू झाला. "तू मांगे ऱ्हाय, मी पुढे जास!"

"आमले बी समजस रे भूषण!" दोन्ही टेम्पो एका सुरात.

मग मात्र आम्ही तोंडं मिटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मुक्यांसारखे खेळलो. आणि बघा, आमचं बोलणं थांबल्यावर लोकांना मान वळवायला आधी काही कळेचना, आणि पलीकडच्या दोघांना आमच्या बेताचा सुगावाच लागेना! दुसरा सेट सहा-चारने आमचा. डबल्समध्ये तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, तोही दहा-आठने आमचा. लोक टाळ्या वाजवतायत, आणि मी मात्र मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा पुढच्या रांगेकडे निघालोय.

"सुजाता, मी सांगणारच होतो गं..."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"ट्युनिसला, सेमीफायनलला, तिसऱ्या गेममध्ये भूषणभाऊजींना हो म्हणालास. मी त्याच आठवड्यात शाळेत सांगून आले, एक वर्ष थांबा म्हणून. तू आपणहून कधी सांगतोस, तेवढीच वाट बघत होते."

लाज तर मला इतकी वाटली की काही विचारू नका. "पण तुला... कसं?"

"अरे, मॅच मोबाईलवर लाइव्ह दाखवतात ना! आवाजासकट!"

कॅमेरा असतो, हे मला माहीत होतं. पण बेसलाइनमागचा तो माइक? मी आपला समजत होतो, तो चेंडूच्या टपटपण्यासाठी ठेवलाय! मग आम्ही कुठल्या देशात कुणाबद्दल काय काय बोललो, ते एकेक आठवायला लागलं. सुजाताच्या हातचा उपमा. तिच्या भावाचा लग्नातला सूट. आणि... मी सासऱ्यांकडे बघितलं.

सासरे उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिलिंदराव, खुशाल खेळा. टेनिसातलं आम्हाला काही कळत नाही, पण तुमचं बोलणं ऐकायला आमच्याकडे शेजारीपाजारी जमतात. आणि मी घोरतो ते खरंच आहे, हिची आईपण तेच म्हणते."

तर खेळतोय यंदा, मजेत. कोर्टावर तोंड मात्र शिवून घेतलंय. परवा रोमानियात जिंकलो आणि मोठ्या कौतुकाने सासऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अभिनंदन हो! पण महिना झाला, आवाजच येत नाही. आमचा मोबाईल बिघडलाय, की तुम्हा दोघांचं भांडण झालंय?"