अवसेची रिक्षा

आई गेल्यावर कितीतरी महिने मला रात्री बरोबर दोन वाजता जाग यायची. सात वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दोन वाजता उठून तिची कूस बदलायचं काम माझं होतं. कूस बदलायला कुणी उरलं नाही, तरी जाग यायची थांबली नाही. मग मी गच्चीवर जाऊन बसायची. शिराळ्यात माझं घर बाजारपेठेला लागून आहे. वर पाहिलं की दिव्यांचा उजेड आणि त्यातून सुटतील तेवढे पाच-पंचवीस तारे.

सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढते. नोकरीला लागले तेव्हा फिल्म होत्या, अंधारखोली होती, आणि काळोखात चाचपडत काम करायची बोटांना सवय झाली होती. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, त्या खोलीत जुनी कपाटं ठेवली गेली. मी कॅमेरा घेतला तेव्हा पुण्याच्या भावानं फोनवर विचारलं, "आता या वयात कशाचे फोटो काढणार?"

"आकाशाचे."



आकाशगंगेचा फोटो हवा तर चंद्र नको, ढग नकोत, गावाचा उजेड नको. म्हणजे उन्हाळ्यातली अवस, आणि घाट चढून गेल्यावर पश्चिमेला लागतं ते पठार. तिथं एका बाजूला पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात, पण दक्षिण बाजू काळीकुट्ट असते. तिकडे बिबट्या फिरतो, त्यामुळे स्कूटरवर एकटीनं जायची छाती होत नव्हती. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना विचारलं, तर एक जण म्हणाला, "अवसेला? डोंगरावर? रातभर?" दुसऱ्यानं रिक्षा पुढे काढली. आठवड्याभरात दवाखान्यातल्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, गल्लीत लोक कायबाय बोलत्यात. अवसेला जायचं सोडा."

एक म्हातारे रिक्षावाले तेवढे तयार झाले. साठी कधीच उलटलेली, पांढरी दाढी, अंगात खाकी शर्ट. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

"आमाला अवस काय आन् पुनव काय," ते म्हणाले. "पर तुमी थितं करणार काय?"

"ताऱ्यांचे फोटो काढणार."

"काढा की. मी झोपतो रिक्षात."

दोन उन्हाळे आम्ही असे गेलो. मी ट्रायपॉड लावायची, वीस वीस सेकंद कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवायची, ते मागच्या सीटवर पाय दुमडून घोरायचे. त्या घोरण्याचा मला आधार वाटायचा. आमचं बोलणं फार नव्हतं. त्यांची बायको गेली होती, मुलगा गॅरेज चालवायचा, सून चांगली होती. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. घाट उतरताना ते मधूनच विचारायचे, "ताई, म्होरनं काय येतंय का?" मला वाटायचं, झोप उडावी म्हणून बोलतायत. मी सांगायची, येतंय किंवा नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात रमजान आला. एकोणतिसाव्या रोज्याला दुपारी चाचा दवाखान्यात येऊन उभे राहिले.

"ताई, आज तुमी माझ्यासंगं चला. चांद बघायचाय. आज दिसला तर उद्या ईद. खाली धुराळ्यात काय दिसत न्हाई. आन् तुमचा त्यो लांबचा कॅमेरा घ्या."

सूर्य बुडायच्या आधी आम्ही वर पोचलो. त्यांनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, रिक्षातली चटई अंथरून नमाज पढले आणि माझ्याशेजारी येऊन पश्चिमेकडे बघत उभे राहिले. लहानपणी चांद सगळ्यात आधी त्यांनाच दिसायचा, मशिदीच्या गच्चीवर पोरं त्यांनाच पुढं करायची, असं ते सांगत होते. मला तो नुसत्या डोळ्यानं सापडला, नखाएवढा, क्षितिजाच्या बराच वर. मी लांबची लेन्स लावून फोटो काढला आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि पुष्कळ वेळ तसाच धरला.

"आता डोळ्यानं दावा."

मी त्यांच्यामागे उभी राहिले, त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून बोट दाखवलं. "त्या एकट्या झाडाच्या वर. जरा डावीकडं."

"व्हय," ते म्हणाले. पण त्यांची नजर झाडाच्या उजवीकडे होती.

"मशिदीत फोन करून सांगा की."

"न्हाई. साक्ष डोळ्याची लागती."

तेवढ्यात खालच्या गावात फटाके वाजले. तिथं कुणाला तरी दिसला होता. चाचांनी चटई झटकली आणि घडी घातली.

परतताना घाटाच्या मधल्या वळणावर कडब्यानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, पण रिक्षाच्या उजेडात ती मला लांबूनच दिसली. चाचा वेग कमी करीनात. मी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, आणि कडब्याची टोकं काचेला लागली.

"दिसली हुती की," ते म्हणाले.

दोन वर्षं मी त्यांना समोरून काय येतंय ते सांगत होते, आणि सांगतेय कशासाठी हे मला कळलं नव्हतं. दिवसा याच रिक्षातून शाळेची मुलं जातात, हेही मला त्या वळणावरच आठवलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ते शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले. मी डबा घेतला आणि म्हटलं, डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल. ते म्हणाले, "डोळं ठणठणीत हायत." संध्याकाळी मी त्यांच्या मुलाच्या गॅरेजवर गेले आणि सगळं सांगितलं. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "आमाला म्हाईतच न्हवतं ताई." त्याच रात्री त्यानं रिक्षाची चावी काढून घेतली.

चार दिवसांनी चाचा रस्त्यात भेटले. चालत होते.

"पोराला सांगायच्या आदी मला सांगायचं हुतं."

"सांगितलं होतं, चाचा."

"तसं न्हवं," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मोतीबिंदूच निघाला. शस्त्रक्रियेच्या आधी छातीचा एक्स-रे लागतो, म्हणून मुलगा त्यांना माझ्याच खोलीत घेऊन आला. मी त्यांचे खांदे धरून प्लेटला टेकवले. "श्वास भरून घ्या. धरून ठेवा. सोडा." शर्टाची बटणं लावताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पैल्यासारकं दिसल का?"

"दिसेल."

दिसू लागलं. पण रिक्षा तोवर मुलानं विकून टाकली होती. आता ते गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसतात. मी दिसले की हात वर करतात, "बरं हाय का," विचारतात. एकदा मी थांबून म्हटलं, "चाचा, अवसेला येता का? माझ्या स्कूटरवर."

"बाईमाणसाच्या मागं बसून डोंगरावर?" ते जरासे हसले. "लोक काय म्हनतील."

ती अवस मी घरातच काढली. पुढच्या उन्हाळ्यात एकटी गेले. पठारावर स्कूटर बंद केली आणि इतकं शांत झालं की स्वतःचं गिळणंही ऐकू आलं. पहिला तासभर मी पाठ स्कूटरला लावूनच उभी होते. गवतात काही खसफसलं की टॉर्च मारायची आणि डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय होईपर्यंत थांबायची. मध्यरात्रीनंतर वृश्चिक वर आला, त्याच्यामागून आकाशगंगेचा पट्टा आला. मी एकामागून एक फोटो घेत राहिले. एक फार चांगला निघाला. "बघा," असं मी मोठ्यानं म्हणूनही गेले. मग लेन्स पुसली आणि पुढचा काढला.

उजाडायच्या आत घाट उतरले. खाली पहिल्या एसटीसाठी टपरी उघडली होती. चहावाल्यानं ट्रायपॉडकडे बघितलं, मग माझ्यामागे रस्त्यावर.

"एकट्याच?"

"हो."

त्यानं ग्लास विसळला आणि चहा ओतला. तो गरम होता. मी उभ्यानंच प्यायले.