एंजलची बाळंतपणं

माझ्या आत्याच्या यजमानांइतका चुळबुळ्या माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडणार नाही. काका जेवतात उभ्याने. धसईच्या थांब्यावर एसटीची वाट बघणं जमत नाही म्हणून पुढच्या थांब्याकडे चालू लागतात, आणि मधल्या रस्त्यात एसटी त्यांना मागे टाकून निघून जाते. अशा माणसाने छंद कोणता घ्यावा? एंजल माशांची पैदास. पतंगासारखे चपटे, देखणे मासे. पण जात सिक्लिडांची, म्हणजे तापट. टाकीत तिरक्या ठेवलेल्या कौलावर मादी अंडी घालते, नर-मादी दोघं परांनी वारा घालत राखण करतात, आणि कुणी त्रास दिला तर आपलीच अंडी खाऊन टाकतात.

काकांकडे ती दर खेपेला खाल्ली जात. पिल्लांना खाऊ म्हणून कोबीची पानं कुजवलेलं पाणी मात्र कायम तयार. त्या वासाने पाहुणे टिकत नसत. खापर कधी शेजारच्या हळदीतल्या डीजेवर फुटे, कधी आत्याच्या मिक्सरवर. शेवटी मिक्सर माळ्यावर गेला.

"आता पाट्यावर वाटतंय, तरी खातात मेले!" आत्या म्हणाली.

"मग तू श्वास जोरात घेत असशील."

टाकीसमोर बसायची परवानगी फक्त मला होती. "ही बरी. ही बोलत नाय," काका म्हणत. नोकरीच्या मुलाखतींत तोंड न उघडल्यामुळे मी आत्याकडेच पडून होते, त्यामुळे हे माझं एकमेव प्रशस्तिपत्र. बसून बसून मला दिसलं ते असं : अंडी पडली की काका येत, काचेला नाक लावत, टॉर्च मारत, जात, लगेच परत येत. मासे दर वेळी दचकत.

"जोडी म्हातारी झाली. ही शेवटचीच खेप," एकदा काका म्हणाले. तेव्हा मी धीर केला.

"काका, ते तुम्हाला घाबरतात."

काका जागच्या जागी थबकले. "बोलली गो बाय एकदाची!" आत्या आतून म्हणाली.

मग बाळंतिणीच्या खोलीला लावतात तसं आत्याचं जुनं लुगडं टाकीला लागलं, आणि काका बाहेर ओट्यावर, टाकीकडे पाठ करून बसले. मी फटीतून बघायची.

"काय करतात गो?"

"वारा घालतायत."

"अजून?"

"अजून."

अंडी फुटली. पिल्लं कौलाला चिकटून वळवळत राहिली, आणि एका सकाळी सगळी सुटून आईबापाभोवती धुरळ्यासारखी पोहू लागली. कोबीचं पाणी मी थेंब थेंब सोडलं आणि ओट्यावर सांगायला धावले. काकांचे डोळे भरले, पण ते उठले नाहीत. "तूच बघ. माझी नजर वाईट."

यंदा मला ठाण्यात नोकरी लागली. मुलाखतीत बोलले. निघताना काका थांब्यावर आले आणि एसटी येईपर्यंत जागचे हलले नाहीत. बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून हात हलवला.

ते रस्त्याकडे पाठ करून उभे होते.