ट्रॅक्टरचं ग्रीस

ग्रीसचा वास आला की निमगाव केतकीतलं ते अंगण आठवतं. लेकीला नेमबाजी शिकायची होती, म्हणून पंपानं हवा भरून ठेवायची जुनी एअरगन स्वस्तात मिळते का बघायला मी तिला घेऊन गेले होते. विकणारे तात्या पंप मारत होते, दाबाचा काटा चढत होता, लेक बंदुकीवर वाकली होती. "आधी हवा गळायची. ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं, आता कायबी गळत न्हाय," तात्या म्हणाले. एवढ्या दाबाखाली तसलं ग्रीस भडकतं, असं बारामतीच्या दुकानदारानं सकाळीच बजावलं होतं. "तात्या, थांबा!" ओरडत मी लेकीला मागं ओढलं. "भ्यालीस व्हय, पोरी?" ते माझ्याकडं बघून हसले. आम्ही नवीच घेतली. तात्यांची मात्र पुढं कुणी नेली, हे विचारायला अजून जीभ रेटत नाही.